दुखतं तिथे हात शेवटी

आमच्या गल्लीतल्या वाचनालयाचं दिवाळीला हस्तलिखित निघतं. मुलांच्या गोष्टी आधी माझ्याकडे येतात. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं आणि चांगल्या अक्षराच्या कुणाकडून त्या उतरवून घ्यायच्या, एवढं माझं काम. यंदा नववीतल्या एका मुलाची गोष्ट आली आणि ती मी बाजूला ठेवली ती ठेवलीच. साल २०८५, गाव बेळगाव. किल्ल्याच्या खंदकात कमळं फुललीत, राकसकोप धरणाचं पाणी नळाला रात्रंदिवस येतंय. प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात एक यंत्र बसवलंय. ते माणसाला आत घेतं, कापतं, शिवतं आणि संध्याकाळी घरी पाठवतं. सर्जन उरलेले नाहीत. शेवटची एक आहे, तिला नाव नाही, सगळे नुसतं डॉक्टरबाई म्हणतात. तिची हत्यारं संग्रहालयात काचेच्या पेटीत आहेत. हाताला काम नाही म्हणून ती निवडणुकीला उभी राहते आणि लोक तिला भरभरून मतं देतात, कारण सगळ्या उमेदवारांत माणसाला हात लावलेली ती एकटीच. निवडून आल्यावर ती सीमाप्रश्न एका रात्रीत सोडवते. सीमा म्हणजे गाठ आहे, असं ती ठरवते. गाठ काढली जाते, तपासायला पाठवली जाते, रिपोर्ट येतो: साधी गाठ, कॅन्सर नाही. सकाळी लोक उठून बघतात तर कर्नाटकातल्या बाची आणि महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या मधे नुसता रस्ता.

गोष्ट मला आवडली, खरंच आवडली. त्यातल्या यंत्राचंही मला फारसं नवल वाटलं नाही. ७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसून झाक मारेस्को या फ्रेंच सर्जनने समुद्रापलीकडे स्ट्रासबर्गमध्ये असलेल्या एका बाईचं पित्ताशय यंत्राच्या हातांनी काढलं. ती बातमी आमच्या सर्जन सरांनी ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, बाहेर चहाच्या टेबलावर मोठ्याने वाचली होती आणि सगळ्यांचा चहा गार झाला होता. आम्ही तेव्हा दुर्बिणीच्या ऑपरेशनांना सरावत होतो, टीव्हीच्या पडद्याकडे बघून हात हलवायचे हेच आम्हाला केवढं वाटायचं. चंदगडच्या माणसाला पोट दाखवायला राज्य ओलांडून बेळगावला यावं लागतं आणि हा माणूस अख्खा महासागर ओलांडून ऑपरेशन करतो, असं त्या दिवशी कुणीतरी म्हणालं होतं. तेव्हा यंत्रं येतील, त्याबद्दल माझी शंका नाही. मी अडखळले ती पुढच्या पानावरच्या एका वाक्याशी. डॉक्टरबाईंनी रातोरात आदेश कसा काढला, ते सांगताना मुलाने लिहिलं होतं, 'तिला कुणाच्या होकाराची गरज नव्हती, कारण रोग तिला दिसत होता.'

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

मी ओटी सिस्टर होते. सगळी नोकरी बेळगावात, हिरव्या कपड्यात, हत्यारांच्या ट्रॉलीमागे उभी राहून झाली. बाहेरच्या माणसाला ऑपरेशन म्हटलं की सुरी दिसते. सुरी म्हणजे पोटासाठी २२ नंबरचं ब्लेड, आणि कातडीवरचं तिचं काम बघता बघता संपतं. मग ती ट्रेमध्ये बाजूला पडते आणि उरलेला सगळा वेळ दुसरंच काही चाललेलं असतं: धरून ठेवणं, बाजूला सारणं, पुसणं, बांधणं, वाट बघणं. सरांचा हात माझ्याकडे न बघता पुढे यायचा आणि त्या तळव्यावर आर्टरी, म्हणजे रक्तवाहिनी धरायचा चिमटा, अशी टेकवायची की टक् असा आवाज झाला पाहिजे. त्या आवाजावरून त्यांना कळायचं की हत्यार आलं, नजर जखमेवरून हलवायला नको. ओटीत सर्जनचा शब्द राजासारखा चालतो, हे खरंच आहे. दिवा सरकव म्हटलं की दिवा सरकतो, टेबल खाली म्हटलं की टेबल खाली येतं, कुणी उलटून विचारत नाही. मुलाने हे कुठेतरी बघितलं असणार. पण या राज्याला परवानगी लागते, ती आदल्या दिवशी वॉर्डमध्ये घेतलेली असते आणि ज्याच्याकडून घेतली तो माणूस शुद्धीवर आला की ते राज्य संपतं, हे त्याला कुणी दाखवलेलं नव्हतं.

कणकुंबीकडच्या एका बाईची आठवण झाली. अंडाशयाला मोठी गाठ, पोट सहा महिन्यांच्या गरोदर बाईसारखं वर आलेलं, दिवस आषाढाचे. बरोबर नवरा आणि सासरा. होकाराचा कागद कन्नड आणि इंग्रजीत, तो मी तिला आमच्या मराठीत वाचून सांगत होते. सासऱ्याला घाई. त्याने शाईच्या पॅडवर आपला अंगठा दाबून पुढे केला, "घ्या की माझा, काय फरक पडतोय?" सरांनी कागद उचलून स्वतःच्या खिशात घातला. म्हणाले, "पोट तिचं हाय, अंगठा तिचाच लागतोय." मग स्टूल ओढून तिच्या खाटेपाशी बसले. बाईने एवढंच विचारलं, "लावणीला वाकूक येईल काय?" सरांनी सांगितलं, यंदा नाही, टाक्यांवर ताण येईल, पुढच्या साली ये. ती गप्प राहिली. रात्रभर पाऊस होता. सकाळी राउंडला ती म्हणाली, लावणी झाल्यावर येते. गाठ थांबण्यासारखी होती. पोटात अचानक कळ आली, उलटी झाली, तर तशीच निघून यायचं, हे तिच्याकडून आणि नवऱ्याकडून वदवून घेतलं, नागपंचमीनंतरची तारीख दिली आणि सरांनी तिला घरी पाठवलं. त्या तारखेला ती आली. हाताच्या बोटांच्या बेचक्यांत चिखलाने कुजल्याच्या खुणा होत्या. गाठ निघाली, साधीच होती.

गाठ सरांनाच दिसत होती. तारीख मात्र बाईची होती.

याच सरांबद्दल मला सांगायचंय, कारण पुढे ते निवडणुकीला उभे राहिले. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. घर कन्नड, बायको धारवाडकडची. मराठी त्यांनी वडगावच्या विणकरांत राहून उचललेलं, म्हणून त्यात 'हाय' आणि 'की' भरपूर. पोट तपासण्यात त्यांचा हात धरणारा मी कुणी बघितला नाही. शिकाऊ पोरं यायची, पेशंट म्हणायचा इथे दुखतंय, आणि पोरगं लगेच तिथेच बोटं रोवायचं. पेशंट दचकायचा, पोट लाकडासारखं कडक व्हायचं आणि मग त्या पोटातून काहीही कळायचं नाही. सर त्या पोराला बाजूला घेत. आधी दोन्ही तळवे चोळून गरम करत. मग जिथे दुखत नाही असं पेशंट म्हणतो, त्या कोपऱ्यावर हात ठेवत. उजवीकडे दुखत असेल तर डावीकडून सुरुवात. बोलणं चालूच: ऊस गेला काय, पोरगी कितवीला आहे, गावात पाऊस कसा आहे. नजर पोटावर नसायची, चेहऱ्यावर असायची. सरकत सरकत हात दुखऱ्या जागेवर अगदी शेवटी यायचा आणि तोवर पोट मऊ झालेलं असायचं. "दुखतंय तिथं हात शेवटी," एवढंच ते शिकवायचे. हे पुस्तकात असतंच, प्रत्येक डॉक्टर वाचतो. करणारे थोडे.

ते उभे राहिले तेव्हा मला फार आनंद झाला होता. त्यांना उभं करायला लोक आले त्याचं कारण सरळ होतं, बेळगाव-खानापूरच्या निम्म्या घरांत त्यांचा टाका घातलेलं कुणी ना कुणी होतं. पोस्टरवर दोन्ही भाषांत एकच ओळ: पोटाला भाषा नसते. ती ओळ त्यांचीच. उघडलेल्या पोटाकडे बघत ते हे नेहमी म्हणायचे, आणि त्या दिव्याखाली ते शंभर टक्के खरं होतं. पण भिंतीवर ती ओळ बघताना मला एक म्हातारी आठवत होती. आमगावकडून आणली होती तिला. भीमगडच्या जंगलातली ती गावं, पावसाळ्यात वाट बुजते आणि आजारी माणसाला बांबूला बांधून चिखलातून खांद्यावर आणावं लागतं. नवीन डॉक्टर तिला कन्नडमध्ये विचारत होता आणि ती प्रत्येक प्रश्नाला "हौदु", म्हणजे होय, म्हणत होती. उलटी झाली? हौदु. नाही झाली? हौदु. सरांनी मला हाक मारली, "सिस्टर, तुमच्या बोलीत विचारा." मी विचारलं आणि तिने सगळं धडाधडा सांगितलं, तीन दिवस वारा सरला नव्हता, ती पोट धरून चुलीपाशी बसून होती. आतडं अडकलेलं. पोट उघडल्यावर भाषा नसते, हे खरं. उघडायच्या आधी असते, आणि सरांइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पोस्टरवर मात्र ते आलं नाही.

त्यांच्या एका सभेला मी गेले होते. देवळाचा मंडप, खाली सतरंजी, बायका एका बाजूला. एक म्हातारे उठले, पांढरी टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदं. त्यांनी शेताच्या उताऱ्यापासून सुरुवात केली. उतारा कन्नडमध्ये, तो वाचून घ्यायला शेजारच्या पोराकडे जावं लागतं, त्या वाचण्यात एकदा गट नंबर चुकला आणि काय काय झालं. तिथून ते शाळेवर आले, मग बापाच्या तुरुंगवासावर, मग मधेच दुसऱ्या एका वाटणीवर. लांबलं. सरांनी घड्याळ बघितलं. मग मऊ आवाजातच म्हणाले, "आजोबा, भाषेचं ते आपण नंतर बघू. आधी रस्ता, दवाखाना, पाणी. मुद्द्याचं बोलूया." म्हातारे उभेच राहिले क्षणभर. पिशवीची गाठ मारली आणि खाली बसले. त्यांच्यामागच्या रांगांकडे मी बघत होते. पोट कडक होतं ना, तसा सगळा मंडप कडक झाला. त्यानंतर सर रस्त्याबद्दल जे बोलले ते सगळं बरोबर होतं. एवढं नेमकं त्या गावात आधी कुणी बोललं नसेल. कुणीही हललं नाही.

सर पडले. मतमोजणीनंतरच्या सोमवारी सकाळी त्यांच्या नावावर हर्नियाचं ऑपरेशन लागलेलं होतं. ते वेळेवर आले, कोपरापर्यंत हात धुतले, मी गाउन बांधला, हात पुढे आला, आर्टरी टक् वाजली. ते परत आले म्हणून मला हायसं वाटलं, आणि असं हायसं वाटतंय याचा त्याच क्षणी रागही आला. कारण आमगावची वाट तशीच होती. तिथे एक माणूस पोचला असता तर तो हाच, असं मला वाटत होतं, अजून वाटतं.

डॉक्टरांनी राजकारणात जावं की नाही, हा वाद आपल्याकडे चहाबरोबर चालतो आणि चहाबरोबरच संपतो. गेलेले पुष्कळ आहेत. आपल्याच भागातले डॉ. ना. सु. हर्डीकर, जन्म धारवाडचा, त्यांनी हिंदुस्थानी सेवादल उभं केलं आणि १९५२ पासून दहा वर्षं राज्यसभेत बसले. बंगालचे बिधानचंद्र रॉय मुख्यमंत्री असतानाही रोज सकाळी पेशंट फुकट तपासायचे. पण मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते भूतानचे लोटे शेरिंग. ते मूत्ररोगांचे सर्जन. २०१८ ते २०२३ पंतप्रधान होते आणि त्या काळात शनिवारी थिंफूच्या मोठ्या इस्पितळात जाऊन ऑपरेशनं करायचे. कुणी गोल्फ खेळतं, कुणी धनुष्यबाण, मी शनिवार-रविवार इथे घालवतो, अशा अर्थाचं ते बोलल्याची बातमी मी वाचली होती. मनाचा ताण जातो म्हणे. जात असेल. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आठवडाभर ज्याच्यासमोर सगळे माना डोलावतात, त्याला शनिवारी असं काहीतरी भेटतं जे मान डोलावत नाही. टाका सैल बसला तर रक्त येतं, पंतप्रधानाचा असला तरी. आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या खाटेपाशी जाऊन उभं राहावं लागतं.

राजकारणात गेलेल्या सर्जनचं नेमकं हेच सुटतं. ऑपरेशन बिघडलं तर तीन-चार दिवसांत ताप येतो, पोट फुगतं, नातेवाईक दारात उभे असतात. तोंड चुकवायला जागा नसते. मंत्रालयात बसून काढलेला आदेश बिघडला तर तो कुठल्या तरी उताऱ्यात बिघडतो, पुढच्या पिढीच्या शाळेच्या दाखल्यात बिघडतो, आणि काढणाऱ्याला राउंड घ्यावा लागत नाही.

एक रात्र सांगते. चंदगडकडचा शेतकरी होता, गव्याने मारलेला. शिंग बरगडीखालून आत गेलेलं, पोटात रक्तच रक्त. चार तास चाललं. प्लीहा काढावी लागली. पहाट होत आलेली, भूलतज्ज्ञ म्हणत होते लवकर आटपा, सरांच्या पाठीवर गाउन घामाने चिकटलेला. पोट बंद करायला सुई मागितली त्यांनी. मी मॉप, म्हणजे रक्त टिपायची फडकी, मोजले. परत मोजले. बादलीपाशी असलेल्या मुलीने तिच्याकडचे मोजले, फळ्यावर लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघितले. "सर, एक मॉप कमी हाय." ओटीतल्या सगळ्यात थोर माणसाला ओटीतल्या पगाराने खालच्या माणसाने थांबवायचं, असा तो क्षण असतो. सर एक शब्द बोलले नाहीत. सुई परत माझ्या ट्रेमध्ये ठेवली, हात आत घातला आणि डाव्या कुशीच्या खोलातून रक्ताने भिजून आतड्यासारखाच झालेला तो मॉप बाहेर काढला. मग म्हणाले, "आता मोजा." मोजला. "काउंट बरोबर, सर." तेव्हा सुई.

आम्ही हे फळ्यावर करायचो, पुढे त्याची जगभर पद्धत झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनसाठी एका पानाची यादी काढली. तिच्यामागचे सर्जन अतुल गावंडे, मूळ विदर्भातल्या घरातले, पुढे तेही अमेरिकेच्या सरकारात गेले. आठ शहरांतल्या आठ इस्पितळांत ती वापरून बघितली, त्यात दिल्लीही होती. ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. कापण्याआधी थांबायचं, पेशंट कोण आणि कापायचंय कुठे हे मोठ्याने म्हणायचं, खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, शेवटी मोजायचं. सगळ्यांनी नाव सांगण्याचा काय उपयोग, असं पहिल्यांदा मलाही वाटलं होतं. मग कळलं की एकदा तोंडातून आवाज निघालेली पोरगी पुढे 'एक कमी हाय' म्हणायला बिचकत नाही. मुलाच्या २०८५ मधल्या डॉक्टरबाईंच्या दरबारात मी हीच पोरगी शोधत होते. गोष्टीत ती कुठेच नव्हती.

आणि सीमेला गाठ म्हणणं मला पटलेलं नाही, हेही लिहून ठेवते. एका देहाला एकच दुखणं असतं, तो एक माणूस 'होय' म्हणतो किंवा 'नको' म्हणतो. आमच्या वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर येळ्ळूरची बाई आणि बैलहोंगलची बाई झोपायच्या. एकीचा भाऊ १ नोव्हेंबरला सीमाभागातले मराठी लोक पाळतात त्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत, दुसरीचा नवरा त्याच दिवशी लाल-पिवळा झेंडा घेऊन कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत. रात्री एकीचं सलाईन संपलं तर दुसरी मला हाक मारायची. दोघी एकमेकींच्या नातवांची नावं शिकल्या होत्या. म्हणून दोघींचं म्हणणं एक होतं काय? नव्हतं. कुणी सर्जन येऊन त्या दोघींना मिळून एक देह म्हणायला लागला तर त्याला मी आधी विचारेन की तू दोघींना वेगवेगळं विचारलंस काय.

२००८ सालीच सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला होता, आम्हा ओटीतल्या सगळ्यांना तो समजावून सांगितला गेला. दिल्लीत एका बाईने दुर्बिणीने नुसत्या तपासणीला होकार दिला होता. ती भुलीत असताना डॉक्टरांना आत रोग दिसला, त्यांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईला विचारलं आणि गर्भाशय काढून टाकलं. न्यायालयाने म्हटलं, हे चालणार नाही. जिवाला तातडीचा धोका नव्हता, बाई सज्ञान होती, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. आईचा होकार हा तिचा होकार नाही. हा निकाल मी सीमाभागाची बाई म्हणून ऐकला. आमच्या वतीने बेंगळुरूने सह्या केल्या आणि मुंबईनेही केल्या. दोघांनाही आमचा रोग दिसत होता, दोघांचंही प्रेम खोटं होतं असं मी म्हणणार नाही. महाजन आयोगाने १९६७ मध्ये गावं मोजून वाटायची शिफारस केली, २६४ महाराष्ट्राला, २४७ कर्नाटकाला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपली महात्मा फुले आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायची ठरवली, तर कर्नाटकाने हरकत घेतली. कागद इकडून तिकडे गेले. ज्याला किडनीत खडा झालाय तो माणूस नोंदणीच्या खिडकीपाशी दोन्ही सरकारांची कार्डं हातात घेऊन उभा राहतो आणि आतला क्लार्क त्याला विचारतो, "यातलं कुठलं चालतंय ते आधी बघून या." त्याला शुद्धीवर येईपर्यंत थांबून कुणी विचारलंय? तो तर पहिल्यापासून जागाच आहे.

मुलाला घरी बोलावलं. त्याच्यासमोर कुंदा ठेवला आणि ते वाक्य दाखवलं. त्याने वाचलं, मान हलवली. "पण आजी, सगळ्यांचा होकार घेत बसली तर गोष्ट संपणारच नाही की." बरोबर बोलला तो. मी त्याला लावणीवाली बाई सांगितली, सासऱ्याचा अंगठा सांगितला. तो कुंदा खायचा थांबला. "मग ती आलीच नसती तर?" आली नसती तर सर माणूस पाठवून चौकशी करणार होते, मी म्हटलं, तोही रिवाज होता आमच्याकडे. तो म्हणाला बघतो, आणि सायकलवरून गेला. त्याने वाक्य बदललं नाही. मीही लाल शाई लावली नाही. गोष्ट हस्तलिखितात आहे तशीच जाणार. लिहिणारा तो आहे.

मध्यंतरी सर भेटले, किर्लोस्कर रोडवर, औषधांच्या दुकानात. आता ऑपरेशनं बंद केलीत, बोटं किंचित थरथरतात. लोक परत मागे लागलेत म्हणाले, वय झालं तरी उभे राहा म्हणतात. तुम्हाला काय वाटतं सिस्टर? मी म्हटलं, उभे राहा की सर, मी येते बरोबर. पण सभेत शेवटचा माणूस बोलून होईपर्यंत माईक तुमच्या हातात येणार नाही, उताऱ्याचं असो, तुरुंगाचं असो. तुम्ही डावीकडून सुरुवात करायची. ते बराच वेळ औषधाच्या पिशवीकडे बघत राहिले. "असं केलं तर एका दिवसात एकच गाव होईल. मी परत पडणार."

"पडालही, सर."

त्यांनी चष्मा पुसला. मग विचारलं, "आमगावला जीप कुठवर जाते आता?"

"पावसाळ्यात जात नाही. चालावं लागेल."